जटेचं वजन

बायकोत आणि माझ्यात आजवर जेवढी भांडणं झाली असतील, त्यातली निम्मी तरी त्या एका कुंडीवरून झाली. झाड माझं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. ते सासूबाईंबरोबर आलं.

सासूबाई घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि दवाखान्यातून त्या थेट आमच्याकडे आल्या. त्याला माझी काही हरकत नव्हती. बाई जिभेच्या तिखट, पण मनाच्या सरळ. माझी बाजू घेऊन लेकीला झापणारी दुसरी सासू मी पाहिलेली नाही. त्यांनी सोबत कपड्यांची एक पिशवी आणली, एक काठी आणली आणि मांडीवर धरून ही कुंडी आणली. कुंडीतून दोऱ्यासारख्या हिरव्या फांद्यांचा झुबका खाली लोंबत होता. पान म्हणून एक नाही.

"हे काय आहे, आई?"

"कॅक्टस."

"काटे कुठायत?"

"सगळ्यांनाच असतात असं नाही, जावईबापू," असं म्हणून त्यांनी लेकीकडे बघितलं. बायको फणकारली.

त्या झाडाला त्या जटा म्हणायच्या. जटा मूळची जंगलातली, मोठ्या झाडांच्या खांद्यावर बसून वाढणारी. "पण झाडाचं काही खात नाही हं," त्या मला बजावून सांगायच्या, जणू मी आरोप केला होता. "वारा, पाऊस, कुजलेला पाचोळा, एवढ्यावर भागवते. नुसती धरून राहते."

पुढच्या खोलीत त्यांचा पलंग खिडकीशी लावला आणि खिडकीवरच्या आकड्याला जटा टांगली. मग सूचना सुरू झाल्या. थेट ऊन नको, फांद्या लाल पडतात. अगदी अंधारही नको, पडदा अर्धा ओढा. साधी माती नको, गुदमरते. सालीचे तुकडे आणि नारळाचा काथ्या घाला. कुंडी मोठी नको. फांद्यांवर पाण्याचा फवारा मारा, पण भिजवू नका. मी बेकरीचा काटा दुरुस्त करून, मैद्याने माखून घरी यायचो, आणि दारातच ऐकायचो, "फवारा राहिलाय."

आणि पाणी. पाण्याची गोष्ट तर विचारूच नका.

"किती दिवसांनी घालायचं?" मी विचारलं.

"दिवसांचं काही नसतं. कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर घालायचं, जड लागली तर नाही. जास्त झालं तर मुळं कुजतात आणि एका आठवड्यात सगळं संपतं."

झालं. मी उचलली तर मला जड लागे, बायकोने उचलली तर तिला हलकी. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा सांभाळते. सगळ्यांना वेळेवर बोलावण्याची तिला सवय आहे, आणि झाडाच्या बाबतीतही उशीर झालाय असंच तिला वाटे. ती म्हणे घाला, मी म्हणे नको. सासूबाई पलंगावरून दोघांना म्हणत, "माझ्या हातात द्या इकडे." त्यांच्या हातात द्यायची, त्यांनी डोळे मिटून तोलायची, आणि मग निकाल. हे रोज.

वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. पार्सलवाल्यांचे, वाण्यांचे, तान्ह्या बाळांना तोलायचे, सगळे माझ्याकडे येतात. हाताचा अंदाज हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हात सकाळी एक सांगतो, संध्याकाळी दुसरं. म्हणून एका रविवारी मी दुकानातून तबकडीचा टांगता काटा आणला, स्प्रिंगचा, जुना पण फार इमानी. माझ्या पितळी वजनांनी तो तपासला. खिडकीवरच्या आकड्याला काटा आणि काट्याला कुंडी, असं टांगून दिलं. भरपेट पाणी घालून, निथळून, सुई कुठे थांबते ते पाहिलं. आठवडाभर रोज सासूबाईंच्या हाताशी ताडून तबकडीवर लाल रंगाची रेघ मारली.

"सुई या रेघेच्या खाली आली की पाणी," मी जाहीर केलं. "तोवर कोणी हात लावायचा नाही. भांडण खलास."

"हुशार आहेत हं तुमचे हे," सासूबाई लेकीला म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुई रेघेच्या खाली आलीच नाही.

आधी मला वाटलं, हवा दमट आहे. मग सुई वर चढायला लागली. थोडी, पण मला थोडंही दिसतं. मी बायकोला विचारलं.

"मी नाही घातलं."

"मग कोणी घातलं?"

"मला काय माहीत? मी काय झाडाशी पहारा देत बसते?"

आमच्या शेजारी कपडे शिवणाऱ्या एक वहिनी राहतात. दुपारी सासूबाईंशी गप्पा मारायला येत. जटेच्या दोन फांद्या मिळाव्यात म्हणून त्यांची कधीची भुणभुण होती. मी त्यांच्यावर घसरलो. त्या रुसल्या, बायको मला बोलली. मग मी सासूबाईंकडे वळलो.

"आई, तुम्ही तर नाही ना घालत?"

"मला पलंगावरून बाथरूमला न्यायला दोन माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "तिथे हात पुरवायला मी काय माकड आहे?"

मी स्टुलावर चढून कुंडीत बोट खुपसलं. साल कोरडी, काथ्या कोरडा, बोटाला धूळ लागली. म्हणजे वजन पाण्याचं नव्हतं. फांद्या थोड्या वाढल्या होत्या, पण दोऱ्यांचं वजन ते किती असणार? मी काटा उतरवून पुन्हा तपासला. बरोबर. दुकानातून दुसरा आणून लावला. तोही तेच सांगत होता. पुन्हा पहिला लावला. दिवसभर लोकांचे काटे मी वठणीवर आणायचो आणि घरी आलो की एक कुंडी मला वेडावून दाखवायची.

याच सुमारास डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेतलं. आईंचं वजन उतरतंय, म्हणाले. हाड जुळलंय, पण अंगात ताकद आली नाही तर त्या उभ्या राहणार नाहीत, आणि या वयात जे अंथरुणाला खिळतात ते सहसा उठत नाहीत. दर आठवड्याला वजन करा आणि मला सांगा. बायकोने घरी येऊन हे मला सांगितलं आणि ओट्याला पाठ लावून रडली. तिचे वडील असेच गेले होते, पलंगावर, हळूहळू. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. 

मी दुकानातला उभं राहायचा काटा घरी आणला. आम्ही दोघं सासूबाईंना धरून त्यावर उभं करायचो, क्षणभर सोडायचो, मी सुई वाचायचो. बाई सगळं जेवत होत्या. ताटात कण टाकत नव्हत्या. तरी सुई दर खेपेला खाली.

मला एक खोड आहे, धंद्यातली. दोन तबकड्या एका वेळी नजरेत आल्या की मी मनात बेरीज करतो. एकदा सासूबाईंना धरून उभा असताना माझी नजर वर खिडकीतल्या काट्याकडे गेली. बेरीज झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा केली. मग त्याच्या पुढच्या.

बेरीज बदलत नव्हती.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला चीड आली. हा काय फाजीलपणा? मी कोणाला बोललो नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. कुंडी काट्यासकट उतरवून मी जिन्यात नेऊन टांगली. सुईत फरक नाही, सासूबाईंत फरक नाही, उलट सासूबाईंनी जेवण सोडलं. "ती तिथे वाऱ्यात सुकेल," एवढंच म्हणत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. बायकोने मला फैलावर घेतलं. कुंडी पुन्हा खिडकीत आली.

तो रविवार होता. सकाळचे जरा कुठे चहाचे कप विसळून झाले होते. सासूबाईंचं वजन नुकतंच घेतलं होतं, आणि बायको आत जाऊन नळ सोडून उगाच भांडी आपटत होती, म्हणजे रडत होती. मी जटेकडे पाहिलं. लाल रेघ मागे कुठेतरी राहिली होती आणि सुई आपली ऐटीत वर.

मला राहवलं नाही. काट्यावर काही नसताना सुई काही दाखवत असेल, तर आम्ही एकच गोष्ट करतो. शून्याचा स्क्रू फिरवतो आणि सुई शून्यावर आणून बसवतो. इथे काट्यावर कुंडी होती, हे मला दिसत होतं. पण मी वैतागलो होतो. म्हटलं, तुला जे काय दाखवायचं आहे ते आता दाखव.

स्टुलावर चढलो, स्क्रूला पेचकस लावला. तो स्क्रू दोन-चार आटे फिरतो आणि अडतो. त्याचं काम तेवढंच. हा अडला नाही. फिरतच गेला, लोण्यातून फिरावा तसा, आणि सुई सावकाश खाली येत येत शून्यावर थांबली. आणि मी, हाताच्या सवयीने, तार ओवून शिशाचं सील दाबून टाकलं. आमच्याकडे काटा जुळवला की सील हे आलंच.

"काय केलंत हो?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

मी वळलो. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मग उठल्या. काठी भिंतीलाच टेकलेली होती. त्या खोली ओलांडून दारापर्यंत गेल्या, तिथून लेकीला हाक मारली. बायको ओल्या हातांनीच बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

त्या दिवशी घरात सण असल्यासारखं होतं. डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, होतं असं कधीकधी, इच्छाशक्तीचा भाग असतो. शेजारच्या वहिनी रुसवा विसरून आल्या. बायकोने मला स्वयंपाकघरात घट्ट मिठी मारली. मीही हसत होतो. फक्त एक गोष्ट माझ्या कानात अडकून बसली होती. आमच्या दाराजवळची एक फरशी सुटी आहे. कोणीही पाय ठेवला की खटकन वाजते, मांजर गेलं तरी वाजते. सासूबाई तिच्यावरून चार वेळा गेल्या, ती एकदाही वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना काट्यावर उभं केलं. आता धरायची गरज नव्हती. त्या आपल्या आपण चढल्या आणि समोर बघत उभ्या राहिल्या.

सुई हलली नाही.

मी स्वतः उभा राहिलो. बरोबर दाखवलं. त्या पुन्हा उभ्या राहिल्या. सुई शून्यावर.

"किती?" बायकोने आतून विचारलं.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत ठणठणीत काट्याबद्दल असं खोटं मी पहिल्यांदा बोललो.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काट्यावरून उतरल्या.

मग मला नको नको ते दिसायला लागलं. त्या बसायच्या त्या खुर्चीची गादी चेपत नव्हती. सकाळी त्या उठल्यावर चादरीला सुरकुती नसायची. बायको कौतुकाने म्हणायची, "आईची झोप बघा किती शांत झाली." मला ओरडावंसं वाटे. पण काय ओरडणार?

मी सील तोडलं. दुपारची वेळ होती, बायको कामावर, सासूबाई स्वयंपाकघरात काहीतरी निवडत होत्या. पेचकस लावून स्क्रू उलटा फिरवायला घेतला. सुई जरा वर आली, आणि आतून किंकाळी आली. धावत गेलो. त्या जमिनीवर होत्या, खुबा धरून, चेहरा पांढराफटक. मी तसाच मागे पळालो आणि स्क्रू होता तिथे आणला.

परत गेलो तेव्हा त्या उठून ओट्याशी उभ्या होत्या. सांडलेलं एकेक करून ताटलीत भरत होत्या.

"पुन्हा करू नका तसं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

"आई, तुम्हाला माहीत आहे?"

"मला एवढंच माहीत आहे की मी चालतेय आणि ती रडत नाहीये." त्यांनी ताटली पुढे सरकवली. "तिला सांगू नका."

मी पुन्हा सील लावलं. यावेळी मुद्दाम.

तेव्हापासून जटा माझ्या गळ्यात पडली. मला त्या झाडाचा इतका संताप यायचा की सांगता सोय नाही, आणि त्याची इतकी सेवा मी माझ्या आईबापांचीही केली नाही. फवारा मी मारायचो, पडदा मी ओढायचो, साल मी बदलायचो, एखादा पांढरा किडा फांदीवर दिसला तर कापसाने मी पुसायचो. पाणी कधी घालायचं हे कळायला आता मार्ग नव्हता. सुई शून्यावर बसलेली, आणि कुंडी उचलून बघायची माझी छाती होत नव्हती. काट्यावरून उचलली तर आत काय होईल? शेवटी तोच तो हाताचा अंदाज. बोट घालून बघायचं आणि घाबरत घाबरत पेलाभर ओतायचं.

बायकोला मी ताकीद देऊन ठेवली होती, जटेला हात लावायचा नाही.

"का पण?"

"मी सांगतो म्हणून."

"काय जहागीर आहे का तुमची? झाड माझ्या आईचं."

"हात लावायचा नाही म्हणजे नाही!"

 मी कधी असा आवाज चढवत नाही. "डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या," ती म्हणाली. मी ते मान्य करून टाकलं. सोपं होतं.

फांद्या मात्र वाढत होत्या. खिडकीवरून निघून पलंगाच्या उशाशी आल्या, मग जमिनीला टेकल्या. झाडताना केरसुणीत अडकायच्या. बायको कुरकुरायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. इथे चुकलो. तिला काहीतरी थाप मारायला हवी होती, विषारी आहे म्हणून, किंवा काहीही.

त्या दिवशी पार्सलवाल्यांकडचं काम लवकर आटपलं. दुपारी घरी आलो. दारातूनच खिडकी मोकळी दिसली. जास्तच उजेड येत होता.

जटा कापलेली होती. कुंडीच्या खाली हातभर, बस.

"बघा, किती सुटसुटीत झाली," बायको म्हणाली. ती खूश होती. "आईने इतकं छान चालायला लागावं आणि आपण कोणाला काही दिलं नाही, बरं दिसत नाही. वहिनी केव्हाच्या मागत होत्या. सकाळी आई आंघोळीत होती तेवढ्यात कापली, दवाखान्यात सगळ्यांना एकेक फांदी वाटली आणि लवकर घरी आले. साध्या काथ्यात खोचली तरी लागते म्हणे."

मी सुईकडे पाहिलं. ती शून्याच्या अलीकडे गेली होती, जिथे तबकडीवर आकडे नसतात.

मी शेजारी धावलो. वहिनींनी दोन फांद्या एका डब्यात खोचल्या होत्या. बाकीच्या त्यांच्या नणंदेने नेल्या, सकाळच्याच गाडीने, गावाला. त्या दोन मी मागितल्या. वहिनींना वाटलं मी भांडायला आलोय. त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं.

डबा आणून मी जटेच्या कुंडीत त्या फांद्या खोचल्या. सुई जराशी थरथरली आणि होती तिथेच राहिली. हाताला काथ्या, आणि बायको मागून विचारतेय, "अहो, झालंय तरी काय तुम्हाला?"

सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. दोन्ही पावलं खुर्चीच्या पायांमागे अडकवलेली. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली होती, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी माझी पिशवी उघडली. पितळी वजनं काढली, मोठ्यापासून लहानापर्यंत सगळी, आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती शालीच्या टोकात बांधून घेतली आणि हात टेबलावरून सोडला.

"बरं झालं लवकर आलात," त्या हळूच म्हणाल्या.

"मी दवाखान्यात जातो. सगळ्यांच्या घरी जातो. जेवढ्या मिळतील तेवढ्या आणतो."

"जा. पण तिच्यावर ओरडू नका. तिने चांगल्या मनानेच केलं."

बायको आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. सासूबाई उठल्या. शाल पोटाशी धरून, भिंतीच्या आधाराने पलंगापर्यंत गेल्या आणि आडव्या झाल्या. मी चपला घालत होतो.

"जरा पडते गं," त्या लेकीला म्हणाल्या. "चादर नीट घाल. दोन्ही बाजूंनी गादीखाली खोच. घट्ट."

बायकोने खोचली. "थंडी वाजतेय का?"

"नाही."

"मग इतक्या उकाड्यात हे काय? थांब, पंखा लावते."

सासूबाईंनी वर छताकडे पाहिलं. बराच वेळ.

"नको," त्या म्हणाल्या. "पंखा नको."